काँगो रेड : सुतावर थेट बसणारा आणि ऊतींत अमायलॉइड दाखवणारा लाल रंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विदर्भातील तालुक्याच्या गावांत हा रंग चार वेगवेगळ्या दारांतून येतो. पॅथॉलॉजीच्या अहवालात त्याचे नाव असते, कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्राच्या कपाटात त्याची बाटली असते, जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत तो लागतो आणि हातमागावर काम करणाऱ्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात बंदी आलेल्या रंगांपैकी एक म्हणून तो निघतो. या चारही ठिकाणी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

काँगो रेड म्हणजे नेमके काय?

काँगो रेड हा कृत्रिम अझो रंग आहे, म्हणजे त्याच्या रेणूचे भाग नायट्रोजनच्या दोन अणूंच्या बंधाने (अझो बंधाने) जोडलेले असतात. कोरडा असताना तो तपकिरीकडे झुकणाऱ्या लाल भुकटीच्या रूपात असतो आणि पाण्यात विरघळला की गडद लाल द्रावण तयार होते. रेणूच्या मधोमध बेंझिडीनचा भाग असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना अझो बंधाने नॅफ्थिओनिक आम्लाचा एकेक भाग जोडलेला असतो. रंग सोडियमच्या क्षाराच्या रूपात विकला जातो आणि त्याचा रेणुभार सुमारे ६९७ आहे. रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत त्याचा क्रमांक २२१२० असून व्यापारात तो ‘डायरेक्ट रेड २८’ या नावानेही ओळखला जातो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात एक गोष्ट लागणार आहे, ती येथेच सांगून ठेवतो : हा रेणू लांबट, सरळ आणि बराचसा सपाट आहे. कापसाशी आणि अमायलॉइडशी (ऊतींत साचणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनांच्या तंतूंशी) त्याचे जे जमते, ते मुख्यतः या आकारामुळे.

तो कोणी आणि केव्हा शोधला?

जर्मनीतील पाउल बॉटिगर या रसायनशास्त्रज्ञाने तो १८८३ मध्ये तयार केला. तो त्या वेळी एल्बरफेल्ड येथील फ्रीडरिश बायर यांच्या कारखान्यात काम करत होता. पुढे त्याने रंगाचे पेटंट स्वतःच्या नावावर घेतले आणि ते बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकले. १८८५ मध्ये रंग बाजारात आला आणि इतका चालला की त्याच्या पेटंटावरून कारखान्यांत खटले उभे राहिले. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये दिलेला काँगो रेडचा निकाल पेटंट कायद्याच्या इतिहासात आजही अभ्यासला जातो.

आफ्रिकेतील काँगोशी त्याचा काय संबंध?

रासायनिक संबंध काहीच नाही. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपीय सत्तांची आफ्रिकेसंबंधीची परिषद भरली होती आणि वर्तमानपत्रांत रोज काँगोचे नाव झळकत होते. विकणाऱ्यांनी ते नाव रंगाला दिले.

कापसाच्या रंगकामात त्याने एवढा फरक कसा पडला?

त्यासाठी आधीचा लाल रंग कसा बसवला जात असे ते पाहावे लागते. वऱ्हाडात आणि मध्य भारतात सुताला पक्का लाल रंग देण्यासाठी आल (बारतोंडी) या झाडाची मुळे वापरत. तीन-चार वर्षांच्या झाडाची मुळे खणायची, ती कुटायची, कापड आधी एरंडेल आणि क्षारात मुरवायचे, धुवायचे, हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, तुरटी द्यायची आणि मग मुळांच्या पाण्यात उकळायचे, असे ते काम होते. एका लाल लुगड्यामागे कित्येक दिवस जात. सूत रंगाला आपणहून धरत नाही, म्हणून मध्ये तुरटीसारखा रंगबंधक द्यावा लागतो. हळदीसारखे सुतावर थेट चढणारे नैसर्गिक रंग थोडे आहेत आणि ते उन्हात टिकत नाहीत.

१८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतील अलिझारिन हा लाल रंग कोळशाच्या डांबरापासून बनवला. त्यानंतर डब्यातून आलेला लाल रंग स्वस्त झाला आणि आलाची शेती ओसरत गेली. परंतु अलिझारिनलाही तुरटी लागतच होती. काँगो रेडने ती पायरीच काढून टाकली. पाण्यात रंग, थोडे मीठ, थोडा धुण्याचा सोडा आणि उकळीच्या जवळपासचे तापमान एवढ्यावर सूत तासाभरात लाल होऊ लागले. कोणत्याही रंगबंधकाशिवाय कापसावर थेट चढणारा हा पहिला कृत्रिम रंग होय आणि ‘डायरेक्ट’ रंगांचे सबंध कुळ त्याच्यापासून सुरू झाले. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती, म्हणजे रंग बाजारात आला तेव्हा आपल्या भागात यंत्रावरचे सूत निघू लागून आठ वर्षे झाली होती. सूत वेगाने निघत असताना रंगकामाला आठवडा लागावा, ही अडचण जगभरातल्या गिरण्यांची होती आणि त्या अडचणीवर हा रंग नेमका बसला.

तुरटीशिवाय तो सुताला धरतो तरी कसा?

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोजच्या साखळ्या लांबच लांब असतात आणि तंतूत त्या एकमेकींना समांतर रचलेल्या असतात. काँगो रेडचा सरळ, सपाट रेणू अशा साखळीला लगटून आडवा पडतो आणि हायड्रोजन बंध व इतर क्षीण आकर्षणांच्या आधारे तिथेच राहतो. मिठाचे काम वेगळे आहे. पाण्यात सुताच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि रंगाच्या रेणूवरही ऋण भार असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना थोडे दूर लोटतात. मिठातील सोडियम हा दुरावा कमी करतो आणि रंग पाणी सोडून सुताकडे वळतो. जुने रंगारी मीठ एकदम न टाकता दोन-तीन वेळा विभागून टाकत, कारण एकदम टाकल्यास रंग घाईने चढून कापडावर डाग पडतात.

मात्र ही पकड रासायनिक बंधाची नव्हे. जो रंग गरम पाण्यात सहज चढतो तो गरम पाण्यात सहज उतरतोही, आणि काँगो रेडचा हा दोष पहिल्या दिवसापासून होता.

लाल कापडावर लिंबू किंवा चिंच सांडली की डाग निळा पडतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

काँगो रेडने रंगवलेल्या कापडाबाबत ते खरे आहे. हा रंग दर्शकासारखा वागतो : सामू (आम्लता दाखवणारा pH आकडा) ५ च्या वर असला की लाल आणि ३ च्या खाली गेला की निळा. लिंबाचा रस साधारण २ ते २.५ सामूचा असतो, त्यामुळे काँगो रेडच्या कागदी पट्टीवर त्याचा थेंब ठेवला की कडेने जांभळट आणि मध्ये निळा ठिपका उमटतो. त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी सोडले की ठिपका पुन्हा लाल होतो. कापड म्हणून हा मोठाच दोष होता. धुराची आम्लयुक्त हवाही त्या कापडाला काळपट करीत असे.

उलट दिशेने मात्र निष्कर्ष काढू नये. लिंबाने रंग बदलला नाही म्हणून कापडातील रंग निर्धोक आहे असे ठरत नाही, कारण आम्लात न बदलणारे पण त्याच घातक कुळातले रंग पुष्कळ आहेत.

आज कापडासाठी तो वापरतात का?

भारतात तो वापरता येत नाही. बेंझिडीनवर आधारलेले ४२ आणि आणखी ७० असे एकूण ११२ अझो रंग हाताळण्यास केंद्र सरकारने १९९० च्या दशकात पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ अन्वये मनाई केली. त्याच सुमारास जर्मनीने अशा रंगांचे कापड घेणे बंद केले होते आणि पुढे सबंध युरोपीय संघात कापडातील घातक अमाइनांची (अशा रंगांतून सुटणाऱ्या बेंझिडीनसारख्या रसायनांची) मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम ठरली. निर्यातदारांवर आलेल्या या दबावाचा फायदा रंगाच्या हौदाजवळ उभ्या राहणाऱ्या मजुरालाही झाला, ही त्यातली चांगली बाजू. बंदी नसती तरी काँगो रेड कापडात फार टिकला नसता, कारण उन्हात, धुण्यात आणि आम्लात टिकणारे रंग केव्हाच आले होते.

त्यात धोका नेमका कशाचा आहे?

धोका मधल्या बेंझिडीनचा आहे. काँगो रेड शरीरात गेला तर आतड्यांतील जिवाणू आणि यकृत त्याचे अझो बंध तोडतात आणि बेंझिडीन मोकळे होते. बेंझिडीनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे रंगाच्या कारखान्यांतील कामगारांवरून पुरते सिद्ध झालेले आहे. कर्करोगाचे संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने बेंझिडीन तर गट १ मध्ये ठेवलेच आहे, पण शरीरात ज्यांचे बेंझिडीन होते अशा रंगांनाही त्याच गटात घातले आहे. हा रोग संपर्कानंतर कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी प्रकट होतो. हौदाशी काम करणाऱ्याला त्या वेळी काहीच त्रास होत नाही आणि म्हणूनच ‘आम्ही जन्मभर हेच केले, आम्हाला कुठे काय झाले’ हे बोलणे पुरावा म्हणून धरता येत नाही. ज्यांनी तरुणपणी असे रंग हाताळले आहेत त्यांच्या लघवीतून वेदनेविना रक्त गेले, तर ते उन्हाळे लागल्याचे समजून अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना जुन्या कामाची माहिती आवर्जून द्यावी.

आजीच्या पेटीतील लाल लुगडे काँगो रेडचे असेल का? ते वापरावे का?

नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. जुन्या लाल सुती कापडात अलिझारिन किंवा नंतरचे नॅफ्थॉल रंगही असतात. जपून ठेवलेल्या कापडाला घडी म्हणून हात लावण्यात काळजीचे कारण नाही. पण रंग सोडणाऱ्या जुन्या कापडाची बाळोती, झबली किंवा तान्ह्या मुलासाठी वाकळ शिवू नये.

हातमाग विणकरांनी रंग घेताना काय पाहावे?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांत कोसा आणि सूत दोन्ही विणले जाते आणि रंगवलेले सूत पुष्कळदा बाहेरून येते. सुतासाठी आज रिअॅक्टिव्ह रंग सर्वांत सोयीचे आहेत, कारण ते सेल्युलोजशी रासायनिक बंध करतात आणि धुण्यात उतरत नाहीत. पाकिटावर ‘अझो-मुक्त’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. बाजारातील पुष्कळसे रिअॅक्टिव्ह रंगही रचनेने अझोच असतात. त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एवढाच की बंदी असलेली अमाइने सोडणारे अझो रंग त्यात नाहीत. सुट्या पुडीतून, नाव नसलेला, किलोने तोलून दिलेला लाल रंग घेऊ नये आणि पावतीवर रंगाचे नाव व क्रमांक लिहून मागावा.

रुग्णाच्या बायोप्सीच्या अहवालात ‘काँगो रेड पॉझिटिव्ह’ असे आले आहे. याचा अर्थ काय?

याचा अर्थ ऊतीत अमायलॉइड सापडले. शरीरातील काही प्रथिने चुकीच्या घडीत दुमडतात, एकमेकांवर रचली जातात आणि त्यांचे न विरघळणारे बारीक तंतू बनून मूत्रपिंड, हृदय, यकृत, आतडे, नसा अशा ठिकाणी साचतात. त्या साक्याला अमायलॉइड आणि रोगाला अमायलॉइडोसिस म्हणतात. हा शब्द रुग्णाचे नातेवाईक कर्करोगाचा समजून घाबरतात. तो कर्करोग नव्हे, परंतु हलका आजारही नव्हे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रंगाची चाचणी होकारार्थी आली एवढेच, आणि रुग्णाला हा रंग दिलेला नसतो, तर शरीरातून काढलेल्या तुकड्याचा काप काचेवर घेऊन त्याला तो लावलेला असतो.

अमायलॉइड एकाच प्रकारचे नसते. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी बिघडल्यामुळे होणारा एक प्रकार आहे, दीर्घकाळच्या दाहामुळे होणारा दुसरा, उतारवयात हृदयात साचणारा तिसरा. काँगो रेड या सर्वांना सारखाच लाल करतो. उपचार मात्र प्रकाराप्रमाणे अगदी वेगळे असतात, म्हणून अहवालानंतर डॉक्टर प्रकार ठरवण्यासाठी पुढील चाचण्या सांगतात. त्या पैसे काढण्यासाठी सांगितल्या आहेत असे समजून टाळू नयेत.

आपल्या भागात हा रोग कोणाला होतो?

दीर्घकाळच्या दाहातून होणारा प्रकार आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे चाललेला किंवा उपचार अर्धवट सोडलेला क्षयरोग, जुना कुष्ठरोग आणि त्याच्या न भरणाऱ्या जखमा, हाडात मुरलेला पू, संधिवाताभ सांधेदुखी ही त्याची ओळखीची कारणे आहेत. दाह चालू असताना यकृत एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणावर बनवते आणि त्याचेच तंतू मूत्रपिंडात साचतात. पायांवर सूज, सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला बसणारा दाट फेस ही सुरुवातीची चिन्हे होत. जुना क्षयरोगी असा सुजू लागला तर ‘रक्त कमी झाले’ एवढ्यावर न थांबता लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ती साधी आणि स्वस्त आहे, ग्रामीण रुग्णालयात होते.

तुकडा घेण्यासाठी प्रत्येक वेळी मूत्रपिंडालाच सुई टोचावी लागते असे नाही. पोटावरच्या त्वचेखालील चरबी सुईने ओढून घेऊन तिच्यावरही काँगो रेड करतात आणि रुग्णाला ते बरेच सोपे जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखायचा कसा?

साध्या प्रकाशात अमायलॉइड विटकरी ते गुलाबीसर नारिंगी दिसते. एवढ्यावर निदान करू नये, कारण इतर गोष्टीही थोडाफार रंग घेतात. खरी परीक्षा ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात होते. प्रकाशाच्या मार्गात काचपट्टीच्या खाली एक आणि वर एक ध्रुवणक (असा प्रकाश गाळून देणारी चकती) बसवतात. वरचा हळूहळू फिरवत गेले की दृश्यक्षेत्र अंधारू लागते, पेशी दिसेनाशा होतात आणि ज्या जागी विटकरी पट्टे होते त्या जागा काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या होऊन उजळतात. मूत्रपिंडाच्या कापात रक्तवाहिन्यांच्या गुच्छावर आणि बारीक रोहिणीच्या भिंतीत ही हिरवी कडी दिसली की शंका उरत नाही. पुस्तकांत या रंगाला कोवळ्या सफरचंदाचा हिरवा म्हणतात. प्रत्यक्षात हिरव्याला लागून पिवळा किंवा निळसर भागही दिसतो आणि ध्रुवणक थोडा तिरका बसला तर तो वाढतो. त्यामुळे निव्वळ हिरवा दिसला नाही म्हणून काप लगेच नकारार्थी ठरवू नये.

हे हिरवेपण कशामुळे येते? सुताच्या बाबतीत जे वर सांगितले तेच येथे घडते. अमायलॉइडचा तंतू प्रथिनांच्या चपट्या, एकसारख्या पट्ट्या रचून बनलेला असतो आणि काँगो रेडचे रेणू त्याला लगटून एका दिशेने ओळीत बसतात. रेणू अस्ताव्यस्त असते तर लाल रंग दिसला असता, पण ध्रुवित प्रकाशातील हा उजाळा (द्विअपवर्तन) दिसला नसता. कापूस रंगवण्यासाठी बनवलेल्या रेणूला रोग ओळखता येतो याचे मर्म दोन्हीकडच्या या शिस्तबद्ध रचनेत आहे. अमायलॉइडसाठी या रंगाचा वापर जर्मनीच्या बेनहोल्डने १९२२ मध्ये सुरू केला आणि ध्रुवित प्रकाशातील ही खूण १९२७ मध्ये बेल्जियममधील डिव्हरी आणि फ्लोर्किन यांनी दाखवून दिली.

काप बरोबर केला तरी चुकीचा होकार येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि त्याचे एक कारण आपल्या भागात सांगितलेच पाहिजे. कापसाचा तंतू काँगो रेड घेतो आणि ध्रुवित प्रकाशात उजळतोही, कारण रंग मुळात त्याच्यासाठीच बनला आहे. हंगामात सरकी काढणारे जिनिंग शेजारी असेल तर हवेत उडणारी रुई खिडकीतून आत येते, काचपट्ट्या पुसण्याच्या कापसाचे तंतू कापाखाली अडकतात आणि कापडी गॉजचे धागे बायोप्सीच्या तुकड्याला चिकटून येतात. असा तंतू ओळखणे कठीण नाही : तो फितीसारखा पिळलेला असतो, ऊतीच्या पातळीच्या थोडा वर किंवा खाली फोकस होतो आणि ऊतीच्या रचनेशी त्याचा मेळ बसत नाही. ऊतींना आधार देणारे कोलॅजेन हे प्रथिनही ध्रुवित प्रकाशात चमकते, परंतु ते पांढरट, रुपेरी दिसते. रंग जास्त वेळ ठेवला किंवा नीट उतरवला नाही तर तेही फसवे हिरवट दिसू लागते.

रंगवताना तंत्रज्ञांनी कोणती काळजी घ्यावी?

बहुतेक ठिकाणी पुख्टलरची १९६२ ची क्षारीय पद्धत वापरतात. तीत ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये मीठ संपृक्त करून घेतात, वापरण्याच्या जरा आधी त्यात अगदी थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घालतात, काप प्रथम रंगाविना त्या द्रावणात सुमारे वीस मिनिटे आणि मग रंग घातलेल्या तशाच द्रावणात वीस मिनिटे ठेवतात. रंगाऱ्याच्या हौदातही मीठ होते आणि या बरणीतही मीठ आहे, पण येथे त्याचे काम कोलॅजेनसारख्या नको असलेल्या घटकांवर विद्युतभारामुळे चढणारा रंग अडवण्याचे आहे. उरतो तो मुख्यतः हायड्रोजन बंधाने बसलेला रंग, म्हणजे अमायलॉइडवरचा.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. काप नेहमीसारखा तीन-चार मायक्रॉनचा घेतला जातो; अमायलॉइडसाठी तो आठ ते दहा मायक्रॉनचा लागतो, नाहीतर थोडासा साका दिसतच नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घातलेले द्रावण दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरले जाते. ते ताजेच लागते. आणि नियंत्रक काप (अमायलॉइड असल्याचे आधीच माहीत असलेला, ताडून पाहण्याचा काप) वगळला जातो, किंवा वर्षभरापूर्वी कापून ठेवलेला वापरला जातो. कापून ठेवलेल्या जुन्या कापांची रंग घेण्याची क्षमता कमी होत जाते, म्हणून नियंत्रक पट्ट्या थोड्या थोड्या कापाव्यात. बाटलीवरील रंगाची टक्केवारीही वाचावी, कारण भुकटीत रंगाबरोबर क्षार मिसळलेले असतात आणि दोन बाटल्यांतील एक ग्रॅम सारखा नसतो. साध्या सूक्ष्मदर्शकावर ध्रुवणक बसवण्याची सोय नसेल तर रंगवलेली पट्टी जिल्ह्याच्या ठिकाणी वाचायला पाठवावी. नुसत्या विटकरी रंगावर अहवाल देण्यापेक्षा दोन दिवसांचा उशीर केव्हाही परवडतो.

बायोप्सीच्या स्लाइड नेहमी गुलाबी-जांभळ्या असतात. तो गुलाबी हाच रंग का?

नाही. तो इओसिन आहे आणि त्याचा निळा-जांभळा जोडीदार हिमॅटॉक्झिलिन आहे. इओसिन हाही कापडाचाच रंग म्हणून १८७४ मध्ये हाइनरिख कारोने बाजारात आणला होता, पण त्याची रचना आणि काम दोन्ही वेगळे आहे.

पूर्वी हा रंग शिरेतून टोचत असत, हे खरे आहे का?

खरे आहे. रंग शिरेतून देऊन तासाभराने रक्तात किती उरला हे मोजत. अमायलॉइड असल्यास ते रंग ओढून घेई आणि रक्तातील प्रमाण घसरे. काही रुग्णांना गंभीर प्रतिक्रिया आल्या, शिवाय निदानही खात्रीचे नव्हते, म्हणून ती चाचणी केव्हाच मोडीत निघाली.

जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत या रंगाचे काय काम?

तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या बियाण्याला लावायचे रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून हवेतील नत्र बांधणारे जिवाणू) संवर्धन शुद्ध आहे की नाही, ते पाहण्यासाठी तो लागतो. यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल घातलेल्या अगारमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात) लिटरला २५ मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या द्रावणाचे अडीच मिलिलिटर एवढा काँगो रेड मिसळतात. रायझोबियमच्या वसाहती हा रंग फारसा घेत नाहीत. त्या पांढुरक्या, चिकट आणि चकचकीत उठून दिसतात; सोबत शिरलेले पुष्कळसे इतर जिवाणू रंग शोषून लाल होतात. थाळ्या अंधारात ठेवाव्या लागतात, कारण उजेडात रायझोबियमही रंग घेऊ लागते आणि मग सगळाच गोंधळ होतो. पाकीट घेणाऱ्या शेतकऱ्याला या थाळीशी कर्तव्य नसते, पण पाकिटावरची अंतिम तारीख तिच्याच आधारावर उभी असते आणि तारीख उलटलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये.

पऱ्हाटी लवकर कुजवणारे जिवाणू व बुरश्या निवडण्यासाठीही हाच रंग उपयोगी पडतो. सेल्युलोजपासून बनवलेला पदार्थ घातलेल्या अगारवर त्यांना वाढवतात, वरून ०.१ टक्के काँगो रेड पंधरा मिनिटे ओततात आणि मिठाच्या पाण्याने धुतात. जिथे सेल्युलोज शाबूत आहे तिथे लाल रंग राहतो. ज्या वसाहतीने ते पचवले तिच्याभोवती फिकट वलय उमटते. वलय जेवढे रुंद तेवढी ती वसाहत पुढे नेण्याजोगी.

बारावीच्या प्रात्यक्षिकात यीस्टला तो का लावतात?

पॅरामिशियम हा एकपेशीय जीव अन्न पचवताना दिसावा म्हणून. यीस्ट काँगो रेडच्या पाण्यात उकळून थंड करतात आणि तळ्याच्या पाण्याच्या थेंबात अगदी थोडे सोडतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठचे, कुजक्या पानांजवळचे पाणी यासाठी उत्तम. थोड्याच वेळात लाल यीस्टने भरलेल्या अन्नपुटिका पॅरामिशियमच्या अंगात गोल फिरताना दिसतात. त्यांतील काही निळसर जांभळ्या होतात, कारण आतील पचनरस आम्लधर्मी होतो, आणि पचन पुढे सरकले की त्या पुन्हा लालीकडे वळतात. कपाटातील सर्व प्रात्यक्षिकांत हे मला सर्वांत सुंदर वाटते. रंग शिक्षकांनी तयार करून द्यावा आणि भुकटीची बाटली विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

मिरचीपुडीत किंवा बियाण्यावर दिसणारा लाल रंग हाच असतो का?

मिरचीपुडीच्या भेसळीत कुप्रसिद्ध आहेत ते सुदान जातीचे, तेलात विरघळणारे रंग. पाण्याच्या पेल्यावर पूड भुरभुरवली आणि लाल रेघा खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे असे समजावे. सुदान मात्र या चाचणीत सापडत नाही, म्हणून रेघा न दिसणे हा शुद्धतेचा दाखला नव्हे. खाद्यपदार्थांत परवानगी असलेल्या रंगांत काँगो रेड नाही. भिवापुरी मिरची आणून घरी किंवा डोळ्यांदेखत कांडून घेणे हा आपल्याकडचा जुना उपाय अजून तरी सर्वांत भरवशाचा आहे.

कपाशीच्या बियाण्यावरचा रंग कीटकनाशकाची प्रक्रिया झाल्याची खूण असतो. तिथे भीती रंगाची नसून औषधाची आहे. पेरणीला हातमोजे घालावेत आणि उरलेले बियाणे कोंबड्यांपुढे किंवा गुरांपुढे टाकू नये.

रंगाचे सांडपाणी शुद्ध करता येते का?

येते, पण पूर्ण शुद्ध करणे महाग पडते. सक्रिय कोळसा हा रंग चांगला शोषतो. स्वस्त पर्याय म्हणून शेतातील टाकाऊ वस्तूंवर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि त्यात संत्र्याच्या सालीवर काँगो रेड शोषून पाहण्याचे प्रयोगही आहेत. नागपूर-अमरावतीच्या वाचकाला हे फार आशादायक वाटेल, परंतु रंगाने भरलेली साल शेवटी टाकायची कुठे, हा प्रश्न अशा शोधनिबंधांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात उरकलेला असतो.

उरलेला रंग आणि रिकामी बाटली यांचे काय करावे?

भुकटी तोलताना पंखा बंद करावा, हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी, आणि सांडलेली भुकटी झाडू नये. ओल्या कागदाने टिपावी, म्हणजे ती हवेत उडत नाही. हाताला डाग पडला तर साबणाने धुवावा. डाग घालवण्यासाठी ब्लीच चोळू नये, त्याने त्वचेचेच नुकसान होते. गर्भवती सहकाऱ्याकडे भुकटी तोलण्याचे काम देऊ नये, कारण गर्भालाही अपाय होण्याचा संशय या रंगाबाबत नोंदलेला आहे. वापरलेले द्रावण मोरीत, नालीत किंवा विहिरीलगतच्या खड्ड्यात ओतू नये. झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवून, त्यावर नाव व तारीख लिहून, रुग्णालयाचा रासायनिक कचरा नेणाऱ्या अधिकृत वाहनाच्या स्वाधीन करावे. शाळेकडे अशी सोय नसल्यास जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे लेखी विनंती करावी. रिकामी बाटली तीन वेळा धुवून ते पाणीही त्याच कॅनमध्ये घालावे आणि बाटलीवरचे लेबल खोडून ती कचऱ्यासोबत द्यावी. तीत तेल, फिनाईल किंवा पिण्याचे पाणी भरण्यासाठी ती कोणालाही देऊ नये.